हवेच्या आकारावर हक्क सांगणारा कारागीर

लग्नाची वरात रस्त्याच्या वळणावर येते. ताशाचा कडकडाट क्षणभर थांबतो आणि बँडमधला एखादा वादक गळ्यात अडकवलेले, हुक्क्यासारखे वळलेले पितळी वाद्य ओठांशी नेतो. मग जो आवाज उमटतो तो ना बासरीचा असतो, ना सनईचा, ना कर्ण्याचा. त्यात माणसाच्या गळ्याचा ओलावा असतो आणि पितळेची धारही असते. हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो आवाज ओळखीचाच आहे. मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनने राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांना रंग दिला. मात्र वाद्याच्या नावातच ज्याचे आडनाव दडले आहे तो अडॉल्फ सॅक्स कोण होता, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

सॅक्स हा बेल्जियमचा वाद्यकारागीर. तो पदवीधर शास्त्रज्ञ नव्हता, गणिती तर नव्हताच. परंतु फुंकवाद्यांच्या इतिहासात एक विधान त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. वाद्याचा आवाज कसा असेल हे ते लाकडाचे आहे की पितळेचे यावर ठरत नाही, तर त्याच्या आत कोंडलेल्या हवेच्या स्तंभाची मापे काय आहेत यावर ठरते, असे त्याचे म्हणणे होते. या म्हणण्यापायी त्याला कीर्ती मिळाली आणि तीन वेळा दिवाळेही निघाले. आयुष्यातील उमेदीची वर्षे त्याने न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात घालवली, कारण हवेच्या एका आकारावर कोणा एका माणसाचा मालकीहक्क असू शकतो काय, हा प्रश्न त्याच्यामुळे फ्रान्सच्या न्यायाधीशांपुढे येऊन ठेपला होता.

म्यूझ नदीकाठच्या दिनाँ या गावी 6 नोव्हेंबर 1814 रोजी त्याचा जन्म झाला. पाळण्यातले नाव आंत्वान-जोसेफ. पण घरात सगळे त्याला अडॉल्फ म्हणत आणि तेच नाव पुढे रूढ झाले. अकरा भावंडांमध्ये तो थोरला. वडील शार्ल-जोसेफ सॅक्स वाद्ये बनवीत. पुढे त्यांनी ब्रुसेल्समध्ये कारखाना थाटला आणि तेथे ते नावारूपाला आले.

अडॉल्फच्या बालपणाविषयी ज्या कथा सांगितल्या जातात त्या वाचताना हे मूल जगले कसे, असाच प्रश्न पडतो. तो तीन मजल्यांवरून खाली कोसळला आणि डोके दगडावर आपटले. दूध समजून तो तेजाबाचे पाणी प्यायला. एकदा त्याने टाचणी गिळली. दारूच्या स्फोटात तो भाजला, आणि रोगण लावून वाळत ठेवलेल्या वस्तूंच्या खोलीत झोपल्याने विषारी वाफांनी गुदमरला. नदीत पडून वाहत चाललेला असताना त्याला बाहेर काढावे लागले. शेजारीपाजारी त्याला छोट्या सॅक्सचे भूतच म्हणू लागले होते. यातील तिखटमीठ किती आणि खरे किती हे सोडून देऊ. पुढच्या आयुष्यात त्याने ज्या चिवटपणे संकटे अंगावर घेतली, त्याला शोभेल असेच हे बालपण आहे.

वडिलांच्या कारखान्यात तो लहानपणापासून वावरत होता आणि त्याच वेळी ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयात बासरी व क्लॅरिनेटचे शिक्षण घेत होता. कारागीर आणि वादक एकाच देहात नांदणे ही त्या काळीही दुर्मीळ गोष्ट होती. बहुतेक कारागिरांना वाजवता येत नसे आणि बहुतेक वादकांना आपल्या वाद्याच्या पोटात काय चालते याचा पत्ता नसे. अडॉल्फला दोन्ही बाजू दिसत. 1830 च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात त्याने हस्तिदंती बासऱ्या आणि क्लॅरिनेट मांडले तेव्हा त्याने वयाची सोळा वर्षेही पूर्ण केली नव्हती.

त्याचे पहिले मोठे काम म्हणजे खर्जाचे, म्हणजेच बेस क्लॅरिनेट. असे वाद्य त्याच्या आधीही होते. परंतु बोटांना पोहोचतील अशाच जागी भोके पाडायची म्हटल्यावर सूर मिळत नसत आणि आवाज घुसमटल्यासारखा येई. सॅक्सने हा क्रम उलटा केला. हवेच्या स्तंभाला जिथे भोक हवे आहे तिथेच ते पाडायचे, जेवढे मोठे हवे तेवढे पाडायचे, आणि ते बोटाने झाकता येत नसेल तर त्यावर गादी लावलेली झाकणी बसवून ती दांडीने हलवायची. 1838 साली त्याने या वाद्याचे एकस्व घेतले. आजचे बेस क्लॅरिनेट मूलतः त्याच मार्गाने आलेले आहे.

येथे थोडे थांबून क्लॅरिनेटच्या नळीत नेमके काय घडते ते पाहावे लागेल. त्यावाचून सॅक्सोफोनचे कोडे उलगडणार नाही.

क्लॅरिनेटच्या मुखाशी वेतासारख्या पोकळ गवताची एक पातळ पत्ती बांधलेली असते. तिलाच रीड म्हणतात. सनईला दोन पत्त्यांची जोडी असते, क्लॅरिनेटला एकच. वादक फुंकर मारतो तेव्हा पत्ती थरथरते आणि म्हणून आवाज होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. बाजाच्या पेटीत तसे घडते: तिथे प्रत्येक सुरासाठी धातूची वेगळी पत्ती असते आणि ती स्वतःच्या ठरलेल्या वेगाने हलते. क्लॅरिनेटची एकच पत्ती मात्र सगळे सूर वाजवते. ते कसे? कारण येथे पत्ती मालक नसून दारवान आहे. हवा आत केव्हा सोडायची आणि केव्हा अडवायची एवढेच तिचे काम. आणि दार कधी उघडायचे याचा हुकूम नळीतील हवा देते.

फुंकरीचा एक झोत पत्तीच्या फटीतून आत शिरतो आणि दाबाची लाट होऊन नळीतून धावत सुटतो. दुसऱ्या, उघड्या टोकाला पोहोचल्यावर तो सगळाच बाहेर पडत नाही. त्याचा मोठा भाग परत फिरतो, पण उलटा होऊन. दाबाची लाट गेली होती, विरळ हवेची लाट परत येते. ती पत्तीपाशी पोहोचताच पत्ती आत ओढली जाते आणि दार मिटते. ही विरळ लाट पुन्हा नळीतून जाते, पुन्हा उलटते, आणि या वेळी दाबाची लाट होऊन परतते. आता पत्ती बाहेर ढकलली जाते, दार उघडते, आणि नेमक्या त्याच क्षणी नवा झोत आत शिरतो. झोपाळा परत आपल्याकडे आला की त्याला हलकासा धक्का द्यावा, तसे हे आहे. धक्का वेळेवर मिळाला तरच झोका चालू राहतो.

म्हणजे क्लॅरिनेटमध्ये एक आवर्तन पुरे होण्यासाठी लाटेला जाऊन-येऊन दोन फेऱ्या कराव्या लागतात. बासरी दोन्ही बाजूंनी उघडी असल्यामुळे तिथे एकच फेरी पुरते. पाश्चात्त्य बासरी आणि क्लॅरिनेट या दोघांची लांबी साधारण 66 सेंटिमीटर, जवळजवळ सारखीच. परंतु बासरीचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे 262 कंपनांचा असतो आणि क्लॅरिनेटचा सुमारे 147 कंपनांचा. तेवढ्याच नळीतून क्लॅरिनेट जवळपास एक सप्तक खाली उतरते, ते या दोन फेऱ्यांमुळे.

या सोयीची किंमतही चुकवावी लागते. बासरीत जोराने फुंकले की षड्जावरून आपण वरच्या षड्जावर जातो. बोटे तीच ठेवून पुढचे सप्तक वाजवता येते. क्लॅरिनेटमध्ये तसे होत नाही. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीत मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटीच जोमाने टिकतात; दुप्पट टिकत नाही. म्हणून क्लॅरिनेट उडी घेते ती थेट वरच्या सप्तकातील पंचमावर. मध्ये पडलेली खिंड भरून काढायला जादा भोके आणि जादा कळा लागतात, शिवाय खालच्या आणि वरच्या भागात बोटांची मांडणी निराळी होते. नव्या विद्यार्थ्यांच्या तोंडाला फेस येतो तो इथेच.

सॅक्स स्वतः उत्तम क्लॅरिनेट वाजवीत असल्याने त्याला हे दुखणे आतून माहीत होते. शिवाय लष्करी बँडची आणखी एक अडचण त्याला दिसत होती. उघड्या मैदानावर लाकडी वाद्यांचा मऊ आवाज विरून जाई आणि कर्ण्यांचा पितळी आवाज सगळ्यांना झाकून टाकी. मधला दुवाच नव्हता. पत्तीचा लवचिकपणा आणि पितळी वाद्याचा भरदारपणा एकत्र आणायचा, आणि वर बासरीसारखे सप्तकावर उडी घेणारे वाद्य करायचे, असा तिहेरी बेत त्याने आखला.

त्याचे उत्तर शंकूच्या आकारात होते. टोकाशी अरुंद आणि पुढे एकसारखी रुंद होत जाणारी नळी घेतली की लाटेचा हिशेबच बदलतो. पत्तीकडचे टोक बंद असूनही शंकूतील हवा दोन्ही बाजूंनी उघड्या नळीसारखी वागते. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्याच पटी तिच्यात नांदतात. त्यामुळे उडी षड्जावरून षड्जावर जाते. आपली सनईही शंकूच आहे आणि तिचेही सप्तक याच कारणाने जुळते. ओबो आणि बसून ही युरोपीय वाद्येही शंकूच्याच घराण्यातली. पण या सगळ्यांना दुहेरी पत्ती लागते आणि त्यांच्या नळ्या बारीक असतात. क्लॅरिनेटची एकेरी पत्ती रुंद शंकूवर चढवण्याची आणि त्यावर एक अख्खे कुटुंब उभे करण्याची कामगिरी सॅक्सची.

हे लिहायला सोपे आहे. शंकूचे अणकुचीदार टोक तोंडात धरून फुंकता येत नाही. ते छाटावेच लागते. छाटल्याबरोबर सप्तके बेसूर होऊ लागतात. गेलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढीच पोकळी मुखपट्टीच्या पोटात ठेवली तर हिशेब पुन्हा जुळतो. या नियमाचे काटेकोर गणित विसाव्या शतकातील ध्वनिशास्त्रज्ञांनी मांडले. सॅक्सच्या हाताशी ते नव्हते. तरीही त्याने बनवलेल्या मुखपट्ट्यांचे पोट आतून गोल आणि प्रशस्त होते. पुढे जाझच्या जमान्यात मोठ्या, धारदार आवाजासाठी ही पोकळी अरुंद करण्यात आली आणि सॅक्सोफोनचा मूळचा गोल, गंभीर आवाज मागे पडला. सॅक्सला अभिप्रेत असलेला आवाज आज आपण क्वचितच ऐकतो, हे येथे नमूद करायलाच हवे.

1841 च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात त्याने हे नवे वाद्य नेले होते, परंतु एकस्व घेतलेले नसल्याने त्याने ते पडद्याआडून वाजवले, अशी कथा आहे. कोणीतरी ते लाथेने उडवून मोडले, अशीही एक कथा आहे. त्याच प्रदर्शनात परीक्षकांनी त्याला सुवर्णपदक नाकारले. वय लहान, आताच सर्वोच्च मान दिला तर पुढे काय देणार, असे कारण सांगण्यात आल्याचे त्याचे चरित्रकार नोंदवतात. मायदेशाचा निरोप घ्यायला त्याला हे पुरेसे होते.

1842 मध्ये सॅक्स पॅरिसला आला. खिसा जवळजवळ रिकामा. जवळ होती ती वाद्ये आणि संगीतकार हेक्टर बेर्लिओझ याची ओळख. बेर्लिओझ वृत्तपत्रात संगीतावर लिहीत असे आणि त्याची लेखणी पॅरिसमध्ये दबदबा राखून होती. 12 जून 1842 रोजी त्याने या बेल्जियन तरुणाच्या वाद्यांवर भरभरून लिहिले, आणि ज्याला कालपर्यंत कोणी ओळखत नव्हते त्याच्याकडे अख्ख्या शहराचे कान लागले. 3 फेब्रुवारी 1844 रोजी बेर्लिओझने आपली एक रचना सॅक्सच्या वाद्यांसाठी बांधून सादर केली. त्यात सॅक्सोफोन स्वतः सॅक्सने वाजवला. वाद्य अजून पुरे झालेले नव्हते आणि दोऱ्यांनी व लाखेने जोडून कसेबसे उभे केलेले होते, असे म्हणतात.

पॅरिसच्या जुन्या वाद्यनिर्मात्यांना हा परका माणूस खुपू लागला. त्याच्या कारखान्यातील कामगार फोडणे, त्याची वाद्ये न वाजवण्यासाठी वादकांवर दडपण आणणे, असे प्रकार सुरू झाले. व्यवसायातील मत्सर आपल्याला नवा नाही; मात्र येथे सारा धंदाच एका माणसाविरुद्ध संघटना करून उभा राहिला होता. सॅक्सचा स्वभावही नमते घेणारा नव्हता. आपल्यापेक्षा इतरांना कमी कळते हे तो लपवीत नसे, आणि कारागिरांच्या दुनियेत हा गुन्हा अक्षम्य असतो.

या वैराचा जाहीर फैसला झाला तो 22 एप्रिल 1845 रोजी, पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर. फ्रेंच लष्करी बँड रोडावल्याची तक्रार होती आणि सुधारणेसाठी सरकारने समिती नेमली होती. एका बाजूला संगीतकार मिशेल काराफा यांच्या नेतृत्वाखाली जुन्या पद्धतीचा 45 वादकांचा ताफा, दुसऱ्या बाजूला सॅक्सच्या वाद्यांनी सजलेला 38 जणांचा. सुमारे वीस हजार लोक ऐकायला लोटले होते. वादक कमी असूनही सॅक्सचा बँड मैदानभर घुमला आणि जमावाने त्यालाच डोक्यावर घेतले. त्याच वर्षी त्याची वाद्ये फ्रेंच सैन्याच्या बँडमध्ये घेण्याचा आदेश निघाला.

मूठभर कारागिरांच्या पोटावर एका आदेशाने पाय आला. सॅक्सची बाजू घेताना हे विसरता येत नाही. सैन्य हे त्या काळच्या वाद्यधंद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, आणि ते अख्खे एका परदेशी माणसाच्या ओटीत पडले होते. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. त्यांनी अवलंबलेले मार्ग मात्र तसे म्हणता येत नाहीत.

22 जून 1846 रोजी सॅक्सोफोनचे एकस्व मंजूर झाले. त्यात एकाच तत्त्वावरील लहानमोठ्या आकारांची वाद्ये मांडलेली होती आणि नळीचे वर्णन पॅराबोलाच्या वळणाचा शंकू असे केलेले होते. या शब्दाने सॅक्सला नेमके काय म्हणायचे होते यावर अभ्यासक आजही वाद घालतात. कदाचित प्रतिस्पर्ध्यांना नक्कल करणे अवघड जावे म्हणूनही त्याने तो योजला असेल. तसे असेल तर त्याचा काही उपयोग झाला नाही.

प्रतिस्पर्ध्यांनी एकस्व रद्द करण्यासाठी दावा लावला. त्यांचे युक्तिवाद एकमेकांना छेद देणारे होते आणि म्हणूनच आज वाचताना गंमत वाटते. सॅक्सोफोन नावाचे वाद्य अस्तित्वातच नाही, असे एकीकडे. ते फार पूर्वीपासून अस्तित्वात आहे, असे दुसरीकडे. आणि असले तरी ते संगीताच्या कामाचे नाही, असे तिसरीकडे. सॅक्सचीच वाद्ये विकत घेऊन, त्यांवरील त्याची खूण खरवडून, ती परदेशी बनावटीची जुनी वाद्ये म्हणून पुराव्यादाखल आणण्याचा प्रयत्न झाल्याचेही सांगितले जाते.

या साऱ्या गदारोळात एक प्रश्न मात्र खराखुरा होता. पत्ती जुनी होती. शंकू जुना होता. पितळ तर पुराणे. कळा आणि झाकण्या इतरांनीही वापरल्या होत्या. मग सॅक्सने नवे काय केले? त्याचे उत्तर त्याच्या मूळ श्रद्धेतच होते. नळीतील हवेला कोणती मापे दिली असता कोणता आवाज निघेल हे मी शोधले आहे, आणि ते प्रमाण हाच माझा शोध, असा त्याचा आग्रह. न्यायाधीशांना हे कितपत उमगले असेल याची कल्पनाच केलेली बरी. खटला या कोर्टातून त्या कोर्टात फिरत राहिला. अखेर 1854 मध्ये रुआँच्या अपील न्यायालयाने सॅक्सच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर आठ वर्षे उलटली होती.

मधल्या काळात त्याच्यावर आभाळ कोसळले होते. 1848 च्या क्रांतीत राजा गेला, राजाश्रय गेला आणि सैन्यातील वाद्यांचा आदेशही रद्द झाला. 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात सर्वोच्च पदक मिळवणारा हा कारागीर 1852 मध्ये दिवाळखोर म्हणून जाहीर झाला. तिसऱ्या नेपोलियनच्या कृपादृष्टीने तो पुन्हा उभा राहिला, बादशाही वाद्यनिर्माता झाला. परंतु त्याच सुमारास त्याच्या ओठावर गाठ आली. फुंकवाद्ये करणाऱ्या आणि वाजवणाऱ्या माणसाच्या ओठावर! ती वाढत गेली; खाणेपिणे अवघड झाले. वैद्यांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला होता. सॅक्स मात्र पॅरिसमध्ये गाजत असलेल्या व्रीस नावाच्या एका वैदूकडे गेला. हा गृहस्थ काळा डॉक्टर या नावाने प्रसिद्ध होता आणि वनस्पतींच्या औषधांनी कर्करोग बरा करण्याचा दावा करी. 1859 मध्ये सॅक्स बरा झाला आणि मित्रमंडळींसह त्याने वैदूचा सत्कारही केला. पुढे तोच वैदू फसवणुकीच्या आरोपाखाली शिक्षेस पात्र ठरला. ती गाठ खरोखर कर्करोगाची होती काय, हा प्रश्न त्यामुळे मागे उरतोच.

1857 पासून सॅक्स पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवीत होता. या वाद्यासाठी लिहिलेल्या रचनाही तो स्वतः प्रसिद्ध करी. आपले वाद्य वाजवणारेच नसतील तर ते टिकणार नाही, हे त्याने ओळखले होते. 1860 मध्ये त्याच्या एकस्वाला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली.

दरम्यान हवेच्या स्तंभाचे शास्त्र जर्मनीत आकार घेत होते. हेरमान फोन हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाचा स्वरसंवेदनांवरील ग्रंथ 1863 मध्ये प्रसिद्ध झाला. पत्ती आणि नळी यांचा परस्परसंबंध त्यात शास्त्रीय पद्धतीने मांडला होता, आणि कर्णा वाजवणाऱ्याचे ओठ हीदेखील एक प्रकारची पत्तीच होय, हे दाखवून दिले होते. सॅक्सने कारखान्यात कानशीने जे शोधले होते त्यातील बरेचसे आता समीकरणांत बसू लागले.

धातूचा प्रश्न मात्र आणखी शंभर वर्षे धुमसत राहिला, आणि वादकांमध्ये तो अजूनही मिटलेला नाही. 1971 मध्ये जॉन कोल्टमन या अमेरिकी संशोधकाने चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या श्रोत्यांना न दाखवता ऐकवल्या. कोणती कशाची हे कोणालाही खात्रीने ओळखता आले नाही. हा प्रयोग बासरीवरचा. पत्तीच्या वाद्याला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तरीही पल्ला सॅक्सच्याच बाजूला झुकतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या सॅक्सोफोनसाठी लाखो रुपये मोजणाऱ्या वादकाला अर्थातच हे सांगून पटत नाही. आणि त्यात त्याचे सर्वस्वी चुकते असेही नाही, कारण नळी घडवताना होणारा केसभर फरकही आतल्या हवेचा आकार बदलतो आणि महागडे वाद्य बहुधा अधिक निगुतीने घडवलेले असते.

एकस्वाची मुदत 1866 मध्ये संपली आणि ज्यांनी हे वाद्य निरुपयोगी ठरवले होते त्याच धंद्यातील लोक ते धडाधड बनवू लागले. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात सॅक्सला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ती त्याच्या वैभवाची शेवटची झुळूक. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध भडकले आणि महाविद्यालयातील त्याचा वर्ग बंद पडला. 1872 मध्ये जॉर्ज बिझे याने आपल्या लार्लेझियन या संगीतात सॅक्सोफोनला एक नितांतसुंदर जागा दिली. परंतु मोठ्या वाद्यवृंदाने या वाद्याला घरचे मानले नाही, पाहुणा म्हणूनच वागवले. 1873 मध्ये दुसरे दिवाळे निघाले, 1877 मध्ये तिसरे. त्या वर्षअखेरीस त्याच्या संग्रहातील चारशेहून अधिक वाद्यांचा लिलाव झाला. देशोदेशींची जुनी वाद्ये त्याने अभ्यासासाठी जमवली होती. ती एकेक करून परक्यांच्या हाती गेली.

त्याने लग्न केले नाही. लुईझ-अडेल माओर हिच्याशी त्याचे सहजीवन होते आणि त्यांना मुले झाली. पण तिच्या साध्या घराण्यामुळे तो हे नाते उघड करायला कचरत असे, असे सांगतात. न्यायालयात न वाकणारा हा माणूस प्रतिष्ठेच्या कल्पनांपुढे वाकला होता, ही बाबही चरित्रातून गाळण्यासारखी नाही.

अखेरच्या वर्षांत पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावरील वाद्यवृंदाचे काम हाच त्याचा आधार होता. म्हातारपणी त्याने मदतीसाठी जाहीर याचना केली. संगीतकार एमान्युएल शाब्रिए आणि इतरांनी सरकारकडे रदबदली केल्यावर त्याला लहानसे निवृत्तिवेतन मिळू लागले. 7 फेब्रुवारी 1894 रोजी त्याचे पॅरिसमध्ये निधन झाले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे.

तो गेला तेव्हा जाझ हा शब्दही रूढ नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेतील नृत्यवृंदांनी आणि कृष्णवर्णीय वादकांनी सॅक्सोफोन उचलला आणि लष्करी मैदानासाठी घडवलेले हे वाद्य रात्रीच्या मैफलींचे झाले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1935 मध्ये लिऑन ॲबे याचा अमेरिकी जाझवृंद येऊन गेला. पुढे पारशी वादक रूडी कॉटन आणि गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी या वाद्यावर नाव कमावले. चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून गोव्याच्या वादकांनी ते घराघरांत पोहोचवले. दक्षिणेत कद्री गोपालनाथ यांनी वाद्यात काही बदल करून त्यातून कर्नाटक संगीतातील गमक काढली. 2019 मध्ये निधन होईपर्यंत ते हे वाद्य वाजवीत होते.

सॅक्सचा मुलगा अडॉल्फ-एदुआर याने वडिलांचा कारखाना लहान प्रमाणावर चालू ठेवला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस तो सेल्मर या फ्रेंच कंपनीने विकत घेतला. दिनाँ गावात आज सॅक्सच्या जन्मस्थानी बाकावर बसलेला त्याचा पुतळा आहे आणि गावभर रंगीबेरंगी सॅक्सोफोन उभे आहेत. 2002 मध्ये युरो चलनात येईपर्यंत बेल्जियमच्या 200 फ्रँकच्या नोटेवर, तीन वेळा दिवाळखोर झालेल्या या माणसाचे चित्र होते. आणि पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात 1870 मध्ये बंद पडलेला सॅक्सोफोनचा वर्ग मार्सेल म्यूल यांच्या नेमणुकीनंतर पुन्हा सुरू झाला तो 1942 मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी.